जवळची वीज, दूरची वीज

मुंबई–गोवा महामार्गावर कणकवली आणि कुडाळ यांच्या दरम्यान कसाल लागते. येथल्या तिठ्यावरून मालवणचा रस्ता फुटतो. तिठ्यावरच्या दुकानात संध्याकाळी दिवा लागतो तेव्हा ती वीज कोठून आली, असा प्रश्न वर्गात विचारला तर मुले बहुधा ‘खांबावरून’ असे उत्तर देतील. ते चूक नाही. पण खांबावरून मागे मागे जात राहिले की वाट उपकेंद्रातून पारेषणाच्या मनोऱ्यांवर चढते आणि पोफळीच्या डोंगरातल्या जनित्रांपर्यंत किंवा चंद्रपूर-कोराडीच्या कोळशाच्या भट्ट्यांपर्यंत पोहोचते. कोळसा विदर्भात जळतो आणि दिवा कोकणात लागतो. शंभरेक वर्षे आपण विजेचा विचार असाच केला आहे: वीज दूर तयार होते, ती तारेतून आपल्याकडे येते, आपण ती वापरतो आणि बिल भरतो.

आता याच परिसरातल्या काही कौलांवर आणि स्लॅबवर सौर पट्ट्या दिसू लागल्या आहेत. त्या घरातली वीज दुपारी उलट दिशेने, म्हणजे घरातून खांबाकडे वाहते. जोडीला विद्युतघट, म्हणजे बॅटरी आली तर दुपारची वीज रात्रीसाठी ठेवताही येते. हा बदल केवळ यंत्रांचा नाही. विजेचा भाव कसा ठरतो, तारांचा खर्च कोणी सोसायचा, विकत घेणारा कोण आणि विकणारा कोण, हे सारे त्यामुळे हलू लागले आहे. हे नीट समजण्यासाठी थोडा इतिहास पाहू.

आरंभ लहानच होता

एडिसनने ४ सप्टेंबर १८८२ रोजी न्यूयॉर्कमधील पर्ल स्ट्रीट येथे वीजकेंद्र सुरू केले. त्यातून सुमारे ११० व्होल्टचा एकदिश प्रवाह मिळे. इतक्या कमी दाबाची वीज मैलभराच्या पलीकडे नेणे परवडत नसे, कारण तारेत वाया जाणारी ऊर्जा प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे प्रत्येक वस्तीला आपले स्वतंत्र केंद्र लागे. वीज जिथे वापरायची तिथेच तयार करायची, हाच तेव्हाचा नियम होता.

साठवणही तेव्हा होती. फ्रान्समधील प्लांते याने १८५९ साली शिसे-आम्ल घट तयार केला आणि १८८१ मध्ये फोर याने त्यात सुधारणा केली. पुढच्या दहा-वीस वर्षांत एकदिश प्रवाहाच्या अनेक केंद्रांत अशा घटांच्या रांगा मांडलेल्या असत. दिवसा इंजिन चालवून घट भरायचे, संध्याकाळी दिव्यांची गर्दी झाली की घटांची मदत घ्यायची आणि रात्री मागणी उतरली की इंजिन बंद करून घटांवर काम भागवायचे. आज ज्याला आपण ‘विकेंद्रित निर्मिती आणि साठवण’ म्हणतो, ती वीजधंद्याची पहिलीच पद्धत होती.

मोठे होण्यामागचे गणित

मग केंद्रे मोठी आणि दूरची का झाली? पहिले कारण रोहित्र, म्हणजे ट्रान्सफॉर्मर. प्रत्यावर्ती प्रवाहाचा दाब रोहित्राने सहज वाढवता येतो. तेवढीच शक्ती नेताना दाब दुप्पट केला तर प्रवाह निम्मा होतो आणि तारेतला नाश एक चतुर्थांशावर येतो. १८९६ साली नायगारा धबधब्याची वीज बफेलो शहरात पोहोचली आणि ‘वीज लांब नेता येते’ हे सर्वांना पटले.

दुसरे कारण शिकागोच्या सॅम्युएल इन्सलने दाखवून दिले. कचेऱ्यांना दिवसा वीज लागते, ट्रामना सकाळ-संध्याकाळी आणि घरांना रात्री. प्रत्येकाने आपापले यंत्र घेतले तर ती सारी यंत्रे बराच वेळ रिकामी बसतील. सर्वांना एकाच केंद्राला जोडले तर तेच यंत्र दिवसभर काम करील आणि युनिट स्वस्त पडेल. शिवाय यंत्र जितके मोठे तितका इंधनाचा वापर काटकसरीचा. एकाच रस्त्यावर दोन कंपन्यांनी खांबांच्या दोन रांगा उभ्या करणे तर शुद्ध उधळपट्टी. यातून जगभर एक तडजोड रुळली: एका भागात एकाच कंपनीला मक्तेदारी द्यायची आणि तिचे दर सरकारी देखरेखीखाली ठेवायचे.

आपल्याकडेही हेच घडले. मुंबईत १९०५ साली ‘बेस्ट’ कंपनी स्थापन झाली. १९१५ मध्ये टाटांच्या खोपोली केंद्रातून सह्याद्रीच्या पाण्याची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. पुढे भिवपुरी आणि भिरा ही केंद्रे आली. इतरत्र लहान लहान परवानाधारक कंपन्या आपापल्या शहरापुरती वीज पुरवीत. १९४८ च्या वीजपुरवठा कायद्याने राज्यांना वीज मंडळे स्थापण्याचा मार्ग दिला आणि २० जून १९६० रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ अस्तित्वात आले. कोयनेचा पहिला टप्पा त्यानंतर लवकरच सुरू झाला. कोयनेचे भूमिगत वीजगृह ज्या पोफळीत आहे ते गाव चिपळूण तालुक्यातले, म्हणजे कोकणातलेच.

या मोठ्या व्यवस्थेचे एक ऋण विसरू नये. कोकणातले गाव एका जागी नसते. ते वाड्यांत विखुरलेले असते. एका वाडीत दहा घरे, पुढची वाडी ओढ्यापलीकडे, तिसरी डोंगराच्या कुशीत. निव्वळ नफ्याचा हिशोब केला असता तर अशा वाडीपर्यंत तार कधीच गेली नसती. उद्योगांनी आणि मोठ्या ग्राहकांनी युनिटला जास्त पैसे मोजले, शेतकऱ्यांना आणि लहान घरांना कमी दर लागला, आणि त्या सांभाळणुकीवर खांब पुढे सरकत गेले. ‘क्रॉस सबसिडी’ हा रूक्ष शब्द ज्याला आपण लावतो, त्याचा अर्थ प्रत्यक्षात असा होता.

देवगडचा वारा, दाभोळचा वायू

लहान निर्मितीची पुन्हा आठवण झाली तीही याच किनाऱ्यावर. १९८०च्या दशकाच्या मध्यास केंद्र सरकारने देशात किनाऱ्यालगत काही ठिकाणी पवनऊर्जेचे प्रात्यक्षिक प्रकल्प उभे केले. गुजरातेतील ओखा, तमिळनाडूतील तुतिकोरीन यांच्या बरोबरीने सिंधुदुर्गातील देवगडच्या पठाराचीही निवड झाली. एकेका यंत्राची क्षमता होती ५५ किलोवॅट. आजची पवनयंत्रे दोन-तीन मेगावॅटची, म्हणजे पन्नासपट मोठी असतात. देवगडची वीज थोडीच होती आणि ती घेणारा ग्राहकही एकच होता: वीज मंडळ. पण वाऱ्याची वीज जाळ्याला जोडता येते, हा अनुभव तेथे मिळाला.

त्यानंतर दहा वर्षांच्या आत याच किनाऱ्यावर, गुहागर तालुक्यात, मोठेपणाची परीक्षा झाली. १९९२ साली अमेरिकेच्या एन्रॉन कंपनीबरोबर दाभोळ प्रकल्पाचा सामंजस्य करार झाला आणि १९९३ मध्ये वीजखरेदीचा करार. १९९५ मध्ये नव्या राज्य सरकारने तो रद्द केला, वाटाघाटी होऊन तो पुन्हा झाला आणि १९९९ च्या मे महिन्यात ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू झाला. कराराचे मर्म असे होते की, मंडळाने वीज उचलली किंवा न उचलली, तरी क्षमतेपोटीचा स्थिर आकार भरायचाच. कमी वीज घेतली की तोच स्थिर आकार थोड्या युनिटांवर वाटला जाई आणि युनिटचा भाव चढे. २००० साली काही महिन्यांत तो सात रुपयांच्या वर गेला. मंडळाला तो पेलवेना. २००१ च्या मे महिन्यात केंद्र बंद पडले, त्याच वर्षीच्या डिसेंबरात एन्रॉनने दिवाळे जाहीर केले. २००५ मध्ये प्रकल्प सार्वजनिक कंपन्यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या नव्या कंपनीकडे गेला.

दाभोळचा राजकीय इतिहास पुष्कळ लिहिला गेला आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यातला धडा एवढाच: वीस वर्षांनी मागणी किती असेल, इंधन कोणत्या भावाने मिळेल, याचा अंदाज चुकला तर मोठ्या केंद्राचा स्थिर खर्च गळ्यात पडतो. लहान केंद्रे थोडी थोडी वाढवता येतात. चूक झाली तर ती लहान असते.

विजेचा बाजार

२००३ च्या वीज कायद्याने जुनी चौकट मोडली. औष्णिक वीजनिर्मितीला परवान्याची गरज उरली नाही. मोठ्या ग्राहकाला दुसऱ्याच्या तारेतून आपल्या पसंतीच्या विक्रेत्याची वीज आणण्याची मुभा मिळाली. ६ जून २००५ रोजी मंडळाचे विभाजन होऊन महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण या कंपन्या झाल्या. दर ठरवण्याचे काम आधीच १९९९ साली स्थापन झालेल्या राज्य वीज नियामक आयोगाकडे गेले होते.

२००८ साली देशात वीज विनिमय केंद्रे, म्हणजे विजेचे बाजार सुरू झाले. तेथे उद्याची वीज आज विकली जाते. दिवसाचे १५ मिनिटांचा एक असे ९६ खंड पाडतात. प्रत्येक खंडासाठी विक्रेते आपला भाव सांगतात. स्वस्त वीज आधी घेतली जाते, मग त्याहून महाग, आणि मागणी पुरी होईल तिथे थांबतात. तो शेवटचा भाव त्या खंडातील सर्वांना लागू होतो. भाजीच्या बाजारात सकाळची मेथी आणि संध्याकाळची मेथी यांचे भाव वेगळे असतात, तसेच विजेचे झाले. दुपारचे युनिट आणि सातच्या सुमाराचे युनिट आता दोन निराळ्या वस्तू आहेत.

लहान निर्मितीला बाजारात स्थान असू शकते, याचा एक पुरावा पुण्यात मिळाला. २००६ साली राज्यात भारनियमन जोरात होते. पुण्यातील कारखान्यांकडे स्वतःची डिझेल जनित्रे होती. टंचाईच्या तासांत कारखान्यांनी ती चालवायची, त्यामुळे वाचलेली जाळ्यातली वीज शहराला द्यायची आणि डिझेलचा जादा खर्च अधिक वीज वापरणाऱ्या शहरी ग्राहकांनी भरायचा, अशी योजना आयोगाच्या मान्यतेने अमलात आली. एकही नवे केंद्र न बांधता शहराचे भारनियमन टळले. डिझेलचा धूर मात्र झालाच, आणि पैसे मोजू न शकणाऱ्या गावांत अंधार तसाच राहिला.

त्याच काळात दुकानांत आणि घरांत इन्व्हर्टर आले. पाहा, ही विकेंद्रित साठवणच होती. पण ती बाजाराला मदत करणारी नव्हती. लाईट आली रे आली की गावातले सारे इन्व्हर्टर एकदम घट भरायला लागत आणि टंचाईच्या वेळची मागणी आणखी वाढवीत. साठवण केव्हा भरायची आणि केव्हा रिकामी करायची, हे सांगणारा भाव ग्राहकापर्यंत पोहोचत नव्हता.

दुपार स्वस्त, संध्याकाळ महाग

या पार्श्वभूमीवर सौर विजेचा भाव कोसळला. २०१०-११ च्या सुमारास भारतात सौर विजेचे युनिट दहा-बारा रुपयांना पडत होते. २०१७ मध्ये राजस्थानातील भडला येथील लिलावात ते २ रुपये ४४ पैशांवर आले. लिथियम-आयन घटांचेही तसेच झाले. एक किलोवॅट-तास, म्हणजे एक युनिट वीज साठवणाऱ्या घटसंचाची जागतिक किंमत २०१० मध्ये हजार डॉलरहून अधिक होती. २०२४ मध्ये ती ११५ डॉलरच्या आसपास आली.

सूर्याला इंधनाचे बिल नसते. त्यामुळे बाजारात सौर वीज रांगेत सर्वांत पुढे उभी राहते आणि महाग केंद्रांना मागे ढकलते. दुपारचा भाव उतरतो. पण सूर्य मावळतो तेव्हाच घरोघरी दिवे, पंखे आणि दूरदर्शन संच सुरू होतात, आणि संध्याकाळचा भाव नियामकाने घातलेल्या कमाल मर्यादेला जाऊन भिडतो. २०२३ च्या एप्रिलपासून ही मर्यादा युनिटला १० रुपये करण्यात आली होती. एकाच दिवसात दोन-तीन रुपये आणि दहा रुपये असे दोन्ही भाव दिसू लागले.

साठवणीचा धंदा या फरकावर चालतो. एक काल्पनिक हिशोब करू. दुपारी अडीच रुपये दराने १०० युनिटे घेतली. खर्च २५० रुपये. भरताना आणि उपसताना काही ऊर्जा वाया जाऊन ८५ युनिटे परत मिळाली. ती संध्याकाळी ८ रुपयांनी विकली. मिळकत ६८० रुपये. मधल्या ४३० रुपयांतून घटांची किंमत, व्याज आणि झीज भागली पाहिजे. घट महाग होते तोवर ती भागत नव्हती. आता भागू लागली आहे. २०२२ साली सरकारी निविदेत बॅटरी साठवणीचा भाव महिन्याला प्रति मेगावॅट १० लाख ८४ हजार रुपये निघाला होता. पुढच्या तीन वर्षांत नव्या निविदांतले भाव त्याच्या निम्म्याच्याही खाली आले.

यात एक गंमत आहे. असे साठवणदार वाढले की सारेच दुपारी विकत घेऊ लागतात आणि संध्याकाळी विकू लागतात. दुपारचा भाव चढतो, संध्याकाळचा उतरतो आणि ज्या फरकावर धंदा उभा होता तोच आटत जातो. साठवणदाराचा नफा घटतो आणि समाजाचा फायदा होतो. कॅलिफोर्नियात २०२४ पर्यंत दहा हजार मेगावॅटहून अधिक बॅटरी क्षमता उभी राहिली आणि काही संध्याकाळी थोडा वेळ तीच तेथील विजेचा सर्वांत मोठा स्रोत ठरली.

साठवण म्हणजे केवळ लिथियम नव्हे, हेही मुलांना सांगावे. सह्याद्रीत घाटघर येथे २५० मेगावॅटचे उदंचन केंद्र आहे. स्वस्त विजेच्या वेळी पाणी वरच्या तलावात चढवायचे आणि महाग वेळी ते खाली सोडून वीज करायची. तत्त्व तेच, घट मात्र डोंगराएवढा.

तारांचे पैसे कोणी द्यायचे?

आता खऱ्या वादाकडे येऊ. महाराष्ट्रात २०१५ च्या नियमांनी ‘नेट मीटरिंग’ आले. दुपारी छपरावरून जाळ्यात दिलेली युनिटे आपण घेतलेल्या युनिटांतून वजा होतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राची ‘पीएम सूर्यघर’ योजना आली. तिच्यात तीन किलोवॅटच्या संचाला ७८ हजार रुपयांचे अनुदान ठेवले गेले. असा संच स्वच्छ उन्हाच्या दिवशी साधारण बारा युनिटे देतो. साध्या कुटुंबाला ती पुरून उरतात.

पण वर पाहिल्याप्रमाणे दुपारचे युनिट आणि संध्याकाळचे युनिट सारखे नाहीत. नेट मीटरिंगमध्ये ते सारखे धरले जातात. वीज कंपनी दोन-तीन रुपयांचे युनिट घेते आणि दहाचे परत देते. शिवाय तारांचा खर्च उरतोच. समजा, एका रोहित्रावर शंभर घरे आहेत आणि तारा, खांब, वायरमन यांचा महिन्याचा खर्च दहा हजार रुपये आहे. प्रत्येकी वाटा शंभर रुपये. तो युनिटांमधून वसूल होत असेल आणि तीस घरांचे बिल शून्यावर आले, तर उरलेल्या सत्तर घरांवर प्रत्येकी सुमारे १४३ रुपये पडतात. त्या सत्तरांत कोण असते? ज्याच्याकडे भांडवल नाही तो, भाड्याच्या खोलीत राहणारा, ज्याचे कौल पट्ट्यांचा भार सोसणार नाही तो. दर वाढला की आणखी काहीजण सौरकडे वळतात आणि उरलेल्यांचा वाटा पुन्हा वाढतो.

ही केवळ शंका नाही. पाकिस्तानने २०२४ साली सुमारे १७ हजार मेगावॅट क्षमतेच्या सौर पट्ट्या आयात केल्या. महाग विजेला कंटाळलेले कारखानदार आणि घरमालक जाळ्यातून वीज घेणे कमी करू लागले. तेथील मोठ्या केंद्रांचे स्थिर आकार मात्र दाभोळसारखेच करारात बांधलेले होते. ते उरलेल्या ग्राहकांवर आले.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. कसालच्या छपरावरचे युनिट शेजारच्या घरात वापरले जाते. ते शेकडो किलोमीटर तारेतून येत नाही, म्हणून वाटेत फारसे गळत नाही. घरात बॅटरी असेल आणि ती संध्याकाळी सात ते दहा या वेळात जाळ्याला वीज देईल, तर कंपनीला दहा रुपयांची खरेदी टाळता येते आणि मोठे रोहित्र बसवणे पुढे ढकलता येते. अशा घराला केवळ फुकट प्रवासी म्हणणे अन्यायाचे होईल. न्याय्य मार्ग वेळेनुसार भाव देण्यातून जातो: संध्याकाळी देणाऱ्याला जास्त, दुपारी देणाऱ्याला कमी, आणि तार वापरणाऱ्या प्रत्येकाकडून तारेचा वाजवी आकार. उद्योगांना दिवसाच्या वेळेनुसार दर आपल्याकडे बऱ्याच वर्षांपासून आहेत. २०२५ मध्ये राज्यात घरगुती ग्राहकांनाही दुपारच्या वापरावर सवलत देण्याचा निर्णय झाला. ‘मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना’ २०१७ पासून उपकेंद्रांजवळ लहान सौर केंद्रे उभारून शेतीपंपांना दिवसा वीज देते. तीही मागणी सूर्याच्या वेळेकडे सरकवण्याचीच युक्ती आहे.

वादळ आणि पावसाळा

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याजवळून गेले. झाडे तारांवर पडली, खांब मोडले आणि अनेक गावे कित्येक दिवस अंधारात राहिली. अशा वेळी छपरावर सौर संच असूनही घरात वीज नसते, हे अनेकांना ठाऊक नसते. साधा सौर संच जाळे मृत झाले की आपोआप बंद होतो. तसे त्याने केलेच पाहिजे; नाही तर बंद समजून तारेला हात लावणारा वायरमन उलट आलेल्या विजेने दगावेल. घर जाळ्यापासून वेगळे करून स्वतःपुरते चालू ठेवायचे तर बॅटरी आणि त्या कामाचा इन्व्हर्टर लागतो. प्राथमिक आरोग्य केंद्र, नळपाणी योजनेचा पंप आणि शाळा यांना असा संच असेल, तर वादळानंतरचे आठ दिवस निराळे जातील. त्या आठ दिवसांतल्या युनिटाची किंमत कोणत्याच बाजारात दिसत नाही.

मात्र पूर्ण स्वयंपूर्णतेचे स्वप्न कोकणात जपूनच पाहावे. बॅटरी दुपारची वीज रात्री नेते. मे महिन्याची वीज जुलैत नेत नाही. जून ते सप्टेंबर ढगांनी सौर उत्पादन पुष्कळ घटते. नेमके तेव्हाच पठारावर वारा जोरात असतो आणि धरणे भरत असतात. म्हणजे पावसाळ्यात कसालला देवगडच्या वाऱ्याची, कोयनेच्या पाण्याची आणि दूर कोरड्या प्रदेशातल्या उन्हाची गरज पडणारच. तार सोडता येणार नाही. एडिसनच्या काळातील वस्तीपुरते केंद्र आणि इन्सलचे सर्वांना जोडणारे जाळे, या दोन्ही कल्पना आता एकाच खांबावर नांदायच्या आहेत.

वर्गात करण्यासारखे

नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना घरचे वीजबिल आणायला सांगावे. त्यातील स्थिर आकार, वीज आकार आणि वहन आकार वेगळे काढावेत. कोणता आकार वापरानुसार बदलतो आणि कोणता नाही, ते शोधावे. मग एका दिवसात घरातले मीटर दर दोन तासांनी वाचून आलेख काढावा आणि त्याच कागदावर सूर्याच्या उंचीचा अंदाजे आलेख काढावा. दोन आलेखांमधली जी जागा संध्याकाळी मोकळी राहते, ती भरण्यासाठीच सध्या जगभर एवढी धडपड चालली आहे. आणि शेवटी वर्गाला विचारावे: गावातल्या तीस घरांचे बिल शून्य झाले, तर वाडीच्या टोकाच्या घरापर्यंत जाणाऱ्या तारेचे पैसे कोणी भरायचे? याचे उत्तर पाठ्यपुस्तकात नाही. ते ठरवण्याची वेळ येईल तेव्हा आज वर्गात बसलेली मुलेच ग्राहक असतील, आणि त्यांतली काही विक्रेतेही.